इकामा संपला, माणूस तिथेच राहिला: आखातात बिनकागदाचे अडकलेले आपले लोक

सेतूवाली

चिपळूणच्या खाली खाडीपट्ट्यात माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पॅन, पीकविमा, जे येईल ते काम. पण एक काम असं येतं ज्याचं नाव माझ्या बोर्डावर नाही. एखादी बाई मोबाइलमधला इकाम्याचा फोटो पुढे करते आणि म्हणते, "मॅडम, हा चालू आहे की बंद, जरा बघा ना."

इकामा म्हणजे सौदीतला राहण्याचा परवाना. नंबर टाकून सौदी सरकारच्या साइटवर बघायचं, हिजरी तारीख आपल्या तारखेत बदलायची आणि सांगायचं की खाला, हा कधीच संपलाय. तिला ते बहुतेक वेळा माहीतच असतं. नवरा फोनवर "होईल, होईल" म्हणत असतो, त्यातलं खरं किती ते तिला तिसऱ्याकडून ऐकायचं असतं.

बेकायदा स्थलांतर म्हटलं की आपल्याला कुंपणाखालून सरपटणारी माणसं आठवतात. माझ्याकडे ज्यांची नावं येतात त्यांतलं कुणीही तसं गेलेलं नाही. ट्रेड टेस्ट दिली, गामकाचं म्हणजे आखाती देशांनी नेमलेल्या केंद्रातलं मेडिकल केलं, दहावी नापास म्हणून ईसीआर पासपोर्ट होता, म्हणजे कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागणारा, ती मंजुरी काढली, आणि मुंबई विमानतळावरून राजरोस गेले. कागद संपले ते तिकडे गेल्यावर. कुणाच्या मालकाने परवान्याची फी भरली नाही, कुणाचा मालकच बेपत्ता झाला, आणि काहींनी पगार मागितला म्हणून मालकाने 'पळून गेला' अशी नोंद केली. त्या नोंदीला तिकडे हुरूब म्हणतात. ती एकदा लागली की माणूस उजळ माथ्याने कामही करू शकत नाही आणि सरळ विमानात बसून घरीही येऊ शकत नाही.

ह्या बातम्या पेपरात येतात तेव्हा त्यात पकडलेल्यांचा आकडा असतो. इथे गावात काय होतं ते कुठे येत नाही. रेशनकार्डाची ई-केवायसी करायची तर त्याचा अंगठा कुठून आणायचा? सासू वारली, वारसनोंद लागली, आता दिरांना वाटणी करायची आहे, तर याची सही पाहिजे. मुखत्यारपत्र वकिलातीत करता येतं, पण तिथे मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो आणि तो मालकाच्या कपाटात. घराचं जोतं घालून ठेवलेलं असतं, त्यावर दर पावसात रान माजतं. लोक विचारतात, "अजून सुट्टी नाही मिळाली?" ती म्हणते, "काम लै आहे." अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक असतं.

मी परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार भरून देते, त्याचा नंबर येतो, पुढे कधी हलतं कधी नाही. इथे आखातात राहिलेले बरेच आहेत. हुरूब लागलेल्या माणसाला घरी आणायचा खरा रस्ता कोणता, हे कुणी नीट सांगेल का? (गावं, नात्यागोत्याचे तपशील बदलले आहेत.)

---

जुना_मंदूब

ताई, बरोबर माणसाला विचारलंत. सौदीत दम्मामला एका कंत्राटी कंपनीत मंदूब होतो. मंदूब म्हणजे कंपनीची फाईल काखेत मारून जवाजात (पासपोर्ट खात्यात) आणि मकतब अमलच्या (कामगार कार्यालयाच्या) रांगेत उभा राहणारा माणूस. शेकडो इकामे माझ्या हातून रिन्यू झाले, आणि न झालेलेही पाहिले.

आधी पैशाचं गणित समजून घ्या, म्हणजे बाकीचं समजेल. ज्या कंपनीत सौदी लोकांपेक्षा परदेशी जास्त, तिला दर परदेशी माणसामागे २०१८ मध्ये महिना ४०० रियाल भरावे लागत, २०१९ मध्ये ६००, २०२० पासून ८००. म्हणजे वर्षाला ९,६०० रियाल. वर इकाम्याचे ६५०, विमा वेगळा. आता हेल्परचा पगार महिना हजार-बाराशे रियाल. लहान कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो त्या मालकाने, हिशोब केला की माणूस ठेवण्यापेक्षा त्याचे कागद ठेवणं महाग. मग तो 'बुकरा, बुकरा' करतो, म्हणजे उद्या, उद्या. माणूस कामावर येतच असतो, त्याला वाटतं चाललंय सगळं. रस्त्यात पोलिसाने थांबवलं की कळतं.

आझाद व्हिसावाल्यांचं याहून वाईट. कफील फक्त नावाला, काम बाहेर शोधायचं, कफीलला दरमहा ठरलेली रक्कम द्यायची. सौदी कायद्यात असा काही व्हिसाच नाही. कफीलचा मूड गेला की हुरूब.

२०२२ नंतर सुधारणा झाली हे खरं. आता मालकाने गैरहजेरी नोंदवली की कामगाराला ६० दिवस मिळतात, तेवढ्यात दुसरीकडे बदली घ्यायची किंवा फायनल एक्झिट, म्हणजे कायमचा देश सोडायचा परवाना. पण त्यासाठी सरकारी ॲपमध्ये त्याचं स्वतःचं खातं हवं, मोबाइल नंबर त्याच्या नावावर हवा आणि आलेला मेसेज वाचता यायला हवा. वाळवंटात मेंढ्यांमागे असलेल्या माणसाला ६० दिवस संपल्यावर कळतं.

रस्ता विचारलात तर असा आहे. सगळ्यात आधी बघा तो मतलूब आहे का, म्हणजे त्याच्या नावावर कोर्टाची केस, बँकेचं कर्ज किंवा गाडीचे दंड आहेत का. मतलूब असला तर ते मिटल्याशिवाय कोणी सोडत नाही, तिथे वकिलातही हात टेकते. नसला तर दूतावासात किंवा जेद्दाहच्या वाणिज्य दूतावासात नाव नोंदवायचं. पासपोर्ट नसेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, सगळे त्याला आउटपास म्हणतात. मग त्यांच्या यादीतून तरहीलला, म्हणजे परत पाठवणीच्या केंद्रात जायचं, बोटांचे ठसे द्यायचे, एक्झिट लागतो. परत कामाला सौदीत येता येत नाही.

आणि एक. तिथल्या मल्याळी संघटनांचे सामाजिक कार्यकर्ते गाठा. आपल्या लोकांचं असं जाळं नाही, आपण गणपती आणि ईद मिलन करतो. त्यांच्याकडे प्रत्येक शहरात तरहीलच्या दारात ओळख असलेला माणूस असतो.

---

रोखठोक

भावना पोचल्या. पण आझाद व्हिसा बेकायदा आहे हे जाताना यांना माहीत नसतं? लाख-दीड लाख एजंटला मोजून जातात, तेव्हा पावती मागतात का? मग अडकले की सरकारने सोडवायचं, तिकीट सरकारने काढायचं. मी कर भरतो तो यासाठी का? नियम मोडला तर परिणाम भोगा. सौदीने किंवा अमेरिकेने काय धर्मशाळा उघडली आहे?

---

सेतूवाली

रोखठोक, अर्ध्यांना माहीत असतं. ते नाकारून मी कुणाला साधू ठरवत नाही. मेहुणा सांगतो, कंपनीच्या व्हिसावर बाराशे, आझादवर रंगकाम धरलंस तर अडीच हजार सुटतात. कर्ज काढलेला माणूस कोणता घेईल?

तिकिटाबद्दल मात्र तुमची माहिती चुकीची आहे. वकिलाती हा खर्च इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंडातून करतात. २००९ पासून तो फंड आहे आणि त्यात पैसे जमतात ते परदेशातले भारतीय पासपोर्ट, साक्षांकन वगैरे कामांना जी फी भरतात तिच्यातून. म्हणजे रियाधच्या सुताराने भरलेल्या पैशातून रियाधचा गवंडी घरी येतो. तुमच्या-माझ्या टीडीएसचा संबंध नाही.

एजंटच्या पावतीचं म्हणाल, तर परवानाधारक एजंटला सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. त्यावरचे पैसे तो कधीच पावतीवर घेत नाही. मी दोन बायकांना घेऊन बीकेसीच्या विदेश भवनात, प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या (परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीच्या सरकारी अधिकाऱ्याच्या) ऑफिसात तक्रार द्यायला गेले होते. पहिला प्रश्न: पावती आहे का? त्यांचंही चूक नाही. पण एजंट गावातलाच, त्याच मशिदीत नमाजाला असतो, त्याच्या मुलीच्या लग्नाला हे सगळे जेवून आलेले. पावती मागणं म्हणजे तोंडावर चोर म्हणणं. सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर एजंटचा परवाना तपासता येतो, हे मी आता बोर्डावर लिहून लावलंय. अजून कुणी विचारलेलं नाही.

---

डॉ_देरा

दुबईत देरा भागात एका छोट्या क्लिनिकमध्ये बरीच वर्षं काढली. रिसेप्शनवर पहिला प्रश्न एमिरेट्स आयडीचा. ज्यांच्याकडे नाही ते आत येतच नाहीत, म्हणून डॉक्टरांनाही हे लोक फारसे दिसत नाहीत. दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो.

मधुमेहाचा माणूस गोळी अर्धी करून खातो, कारण ती गावाहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून यायची असते. दातदुखीला लवंग, मग कुणीतरी दिलेलं अँटिबायोटिक, आणि शेवटी गालाला सूज घेऊन. खोलीतल्या मित्राचं कार्ड वापरून तपासून घेणारे पुष्कळ. हे सर्वांत धोक्याचं. मग मित्राच्या नावावर याचा बीपी, याच्या ॲलर्ज्या. उद्या मित्र बेशुद्ध होऊन आला तर समोरचा डॉक्टर भलत्याच माणसाची फाईल वाचतोय.

बायकांचं याहून कठीण. नोव्हेंबर २०२० मध्ये कायदे सैल झाले, त्याआधी बाळंतपणाला लग्नाचा दाखला लागायचाच. लग्न खरं, पण दाखला गावात, साक्षांकन नाही, व्हिसा संपलेला. अशा बाईला हॉस्पिटलचं दार म्हणजे पोलीस चौकीचं दार वाटायचं. बेडस्पेसमध्ये, म्हणजे एका खाटेपुरत्या भाड्याच्या जागेत, पडद्याआड, शेजारणींच्या भरवशावर झालेली बाळंतपणं मला नंतर ऐकून माहीत आहेत. त्या मुलांना जन्मदाखला नाही, लसीकरणाचं कार्ड नाही, शाळा नाही.

दंडाचं सांगतो म्हणजे लोक परत का येत नाहीत ते कळेल. व्हिसा संपल्यावर दिवसाला ५० दिरहम. वर्षाचे १८,२५०. सफाई कामगार तो दंड फेडणार कधी? दंड भरल्याशिवाय जाता येत नाही, आणि कागद नसल्यामुळे बरं काम मिळत नाही की दंड भरता येईल. म्हणून सगळे सरकारी माफीची वाट बघत बसतात. २०१८ मध्ये आली, २०२० मध्ये कोविडकाळात दंडमाफी झाली, मग २०२४ मध्ये. १ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर होती, ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. दंड माफ, परत यायला बंदी नाही. दुबईत अल अवीरला माफीसाठी उभारलेल्या तंबूंमध्ये आपल्या वाणिज्य दूतावासाचे लोकही बसले होते. तिथे इतकी लहान मुलं होती की मला वाटलं एखाद्या शाळेची सहल आलीये.

---

मंजिरी_एडिसन

न्यू जर्सीतून. इथली गोष्ट उलटी आहे, आणि मला ती जास्त क्रूर वाटते. आखातात निदान माफी देऊन जा म्हणतात. इथे १९९६ चा कायदा असा आहे की वर्षाहून जास्त बिनपरवाना राहिलात आणि मग देश सोडलात, तर दहा वर्षं परत यायला बंदी. बाहेर पाऊल टाकलं की शिक्षा सुरू. त्यामुळे व्हिसा संपून राहिलेला माणूस आई गेली तरी जात नाही. मुलं इथे जन्मली, ती नागरिक, बायको इथे. विधी व्हिडिओवर बघतो आणि दुसऱ्या दिवशी दुकानात माल लावायला हजर.

५ फेब्रुवारी २०२५ ला ते लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, हातापायात बेड्या घालून आणलेले. तेव्हा आमच्या मंडळाच्या ग्रुपवर चर्चा झाली की हे सगळे पंजाब-हरियाणा-गुजरातचे, डंकीवाले म्हणजे चोरवाटेने घुसलेले, 'आपले' नाहीत. त्या यादीत महाराष्ट्राचे तिघं होते. मी ती बातमी ग्रुपवर टाकली, कुणी अंगठा दाखवला नाही. पुढचा मेसेज मसाले दुधाचा होता.

रोखठोक, तुमचा 'धर्मशाळा' शब्द इथे आमच्याबद्दलही वापरतात बरं का. ग्रीन कार्डवाल्यांबद्दलसुद्धा. बोलणारा कागद बघून बोलत नाही.

---

रोखठोक

मंजिरी, तुमच्याशी वाद नाही. पण मग मुंबईत घुसलेल्या बांगलादेशींबद्दलही हाच उमाळा दाखवणार का? की आपले गेले तर 'अडकलेले' आणि दुसरे आले तर 'घुसखोर'?

---

मिठागर

भाईंदरला राहतो, म्हणून उत्तर देतो. जून २०२५ मध्ये मुंबईच्या आसपास कामाला असलेल्या काही बंगाली मजुरांना बांगलादेशी समजून उचललं आणि सीमेपलीकडे ढकललं. नंतर चौकशी झाली, ते पश्चिम बंगालचे, भारतीय निघाले, परत आणावे लागले. आधार होतं, मतदार कार्ड होतं. बोली वेगळी ऐकू आली, तेवढं पुरलं. बांधकामावर प्लास्टर करणारी ही माणसं. आमच्या इमारतीचं कामही त्यांच्यातल्याच गटाने केलंय.

सीमा असाव्यात, तपासही व्हावा, माझं म्हणणं नाही की सगळ्यांना येऊ द्या. पण तपास करायला चार दिवस लागतात आणि ढकलायला एक रात्र. ते चार दिवस द्यायला काय हरकत आहे? मंदूबकाकांनी सांगितलेला हुरूब आणि हे, यात मला फार फरक दिसत नाही. दोन्हीकडे माणसाला विचारलंच नाही.

---

संपादक

बांगलादेश विषयावर वेगळा धागा आहे, पुढची चर्चा तिथे करावी. नऊ प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

---

देगलूरचा_पाहुणा

कोकणच नाही भाऊ, आमच्या नांदेडच्या सीमेवरून पण लई पोरं जातात, तेलंगणाच्या एजंटांच्या नादानं. माझा चुलत भाऊ कुवेतला गेला. व्हिसा घरकामाचा, तिकडं वीस नंबर म्हणतात त्याला. त्या व्हिसावर फक्त मालकाच्या घरी काम करता येतं. हा बाहेर एसी दुरुस्तीला जायचा. पुढं मालकानं व्हिसा वाढवला नाही.

मागच्या उन्हाळ्यात खोलीवरच गेला. झोपेत. बत्तीस वर्षांचा.

आता पुढचं ऐका. बॉडी आणायला मालकाची एनओसी लागते, आणि मालक फोन उचलंना. कारण उचलला तर त्यालाच विचारतील, तुझ्या व्हिसावरचा माणूस बाहेर काम करत होता कसा? तिथल्या एका तेलुगू संघटनेच्या माणसानं पोलिसांचे कागद, मृत्यूची नोंद, पासपोर्ट रद्द करणं, पेटी, सगळं बघितलं. आम्ही त्याला कधी पाहिलं नाही. चहाचे पैसे पण घेतले नाहीत. तीन आठवडे लागले. वहिनीनं तोवर कुंकू पुसलं नव्हतं, म्हणायची फोटो दाखवा तरच मानते. पेटी हैदराबादला उतरली, तिथून ॲम्ब्युलन्स.

आणि विमा. जाताना प्रवासी भारतीय बीमा योजना काढली होती, दहा लाखाची. मंजुरीसोबत सक्तीचीच असते. पण ती दोन वर्षांची असते नाहीतर तीन. हप्ता किती, तर दोन वर्षांना २७५ रुपये आणि तीनला ३७५. याची दोनची होती, संपलेली. ऑनलाइन वाढवता येते हे आम्हाला तो गेल्यावर कळलं. पावणेतीनशे रुपये, भाऊ.

ताई, तुमच्या बोर्डावर हे पण लिहा.

---

सेतूवाली

दादा, आजच लिहिते. ज्यांचे नंबर माझ्याकडे आहेत त्यांच्या पॉलिसीच्या तारखाही बघून घेते. इतकी वर्षं मी इकाम्याचीच तारीख बघत बसले होते.

मंदूबकाका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे एकाचं मतलूब तपासलं. गाडीचे दंड निघाले, त्याने कधीकाळी मालकाची पिकअप चालवली होती. रक्कम फार नाही, भाऊबंदांनी वर्गणी काढायचं ठरवलंय. वहिनीने आपल्या बांगड्या काढून दिल्यावर थोरला भाऊ गप्प बसला, एवढं लिहिते, बाकी घरातलं आहे.

आता दुसरा प्रश्न, इथे कोणी वकील असेल तर. दुबईच्या २०२४ च्या माफीत एक बाई सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलगा तिथेच जन्मलेला, दाखला नाही. दोघं आउटपासवर आले. नवरा तिकडेच आहे, बँकेच्या चेकची केस आहे त्याच्यावर. इथल्या शाळेत जन्मदाखला मागतात, तो नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून पोर्टलवर नाव चढत नाही. मुख्याध्यापक भले आहेत, वर्गात बसू देतात, पण हजेरीत नाव नाही. मुलाला मराठी येत नाही, उर्दूही धड येत नाही. मल्याळम बोलतो. आई कामाला जायची तेव्हा बेडस्पेसमधल्या केरळच्या बाईने सांभाळलेला.

---

फौजदारी_नाही_दिवाणी

वकील आहे. दोन प्रश्न वेगळे ठेवा, नाहीतर दोन्ही अडतील.

शाळा: शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १४. वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. आईचं वयाबद्दलचं लेखी प्रतिज्ञापत्र घ्या, आउटपासची प्रत जोडा आणि प्रवेशाचा अर्ज लेखी द्या. नुसतं तोंडी बोलू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि तारीख घ्या. कलम ४ प्रमाणे वयानुसार वर्गात बसवायचं आहे, म्हणजे सात वर्षांच्या मुलाला बालवाडीत टाकू नका म्हणावं. आधारचं पुढे बघता येतं, त्यासाठी नाव चढवणं थांबवता येत नाही. शाळा ऐकत नसेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज.

नागरिकत्व: ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद जन्मापासून वर्षाच्या आत तिथल्या भारतीय वकिलातीत करावी लागते. ती मुदत गेली असली तरी केंद्र सरकारच्या परवानगीने नंतर नोंद करता येते. आईवडिलांचे पासपोर्ट आणि निकाहनामा लागेल. निकाह गावात झालाय का? कागद जपून ठेवा, लॅमिनेट करू नका.

---

सेतूवाली

निकाह गावातलाच, काझींच्या रजिस्टरमध्ये आहे. लॅमिनेट आधीच केलंय, मीच करून दिलं असणार, वीस रुपयांत. रजिस्टरवरून नवीन प्रत मिळेल का ते बघते.

अर्ज उद्या टाइप करते. गटशिक्षणाधिकारी म्हणायचं की शिस्तीत मोठं पद आधी, शिक्षणाधिकारी (प्राथमिक)? प्रत कुणाकुणाला टाकू?

---

फौजदारी_नाही_दिवाणी

मूळ अर्ज मुख्याध्यापकांना. प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. त्यावरच्यांना आत्ता नको, त्यांच्यासाठी दुसरा अर्ज हातात राहू द्या.